'बिल' लिहिलं आणि 'बलि' दिसलं

आंब्याचा हंगाम आटपला, पाऊस लागला, की कोकणातली पोरं प्रोग्राम लिहायला बसतात असं मला दरवर्षी वाटतं, कारण जूनमध्ये येणारी पत्रं बघितली की सगळ्यांचं तेच, खिडकी कशात बनवू, म्हणजे बटणं आणि तक्ते दिसणारी प्रोग्रामची स्क्रीन कुठल्या टूलकिटमध्ये (खिडक्या बनवायच्या तयार सामानात) बनवू. या वेळी पाच पत्रं घेतलीयेत. पहिलं मोठं आहे, उत्तर त्याहून मोठं झालंय, चालवून घ्या.

प्रश्न (राजापूर तालुका): दादा नमस्कार. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमची हापूसची बाग आहे, हिशोब आजोबांपासून वहीत. किती पेट्या गेल्या, चार डझनी किती पाच डझनी किती, वाशीच्या दलालाची पट्टी (विक्रीचा हिशोब) काय आली, राखणदाराचा पगार, हे सगळं मी पायथन भाषेत लिहिलंय आणि ते चालतं पण कमांड लाइनवर, आणि बाबा म्हणतात ही काळी खिडकी मला नको. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, पॅकिंगच्या शेडमध्ये जुना विंडोज ७ चा पीसी आहे, आणि आतेभाऊ ठाण्यात सोसायट्यांमध्ये पेट्या विकतो त्याच्याकडे मॅक. तिन्हीकडे चालेल, सुंदर दिसेल, फुकट असेल आणि उद्या शेजारच्या बागायतदारांना विकता येईल असं काय घेऊ? टीकिंटर, पायक्यूटी, पायसाइड, डब्ल्यूएक्सपायथॉन, जीटीके, किवी एवढं वाचून डोकं फिरलंय. स्क्रीनवर सगळं मराठीत हवं, बाबांना इंग्रजी नको.

उत्तर: अरे, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटी लिहिलीस. सगळं मराठीत हवं. सुंदर वगैरे नंतर बघू, आधी ही ओळ.

माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी बाजारपेठेतल्या एका किराणावाल्या काकांना मी बिलिंगचा छोटा प्रोग्राम करून दिला होता, टीकिंटरमध्ये, कारण तो पायथनबरोबरच येतो आणि वेगळं काही टाकावं लागत नाही. घरी विंडोजवर लिहिला, झकास दिसत होता. काकांच्या दुकानात मीच हौसेने लिनक्स टाकून दिलेलं. तिथे चालू केला आणि वरच्या पट्टीत 'बिल'च्या जागी 'बलि'. प्रत्येक बटणावर हीच तऱ्हा, जोडाक्षरांचे पाय मोडलेले, ट खाली हलन्त आणि या वेगळाच उभा, पेट्या म्हणून काही वाचताच येईना. काका चष्मा सरकवून म्हणाले, "मेल्या, बिल करतंस काय बळी देतंस?" अजून दुकानात गेलो की ते माझ्यापुढे यादी ठेवतात आणि विचारतात आज कुणाचा.

झालं काय होतं ते समजून घे, म्हणजे निवड आपोआप होईल. कॉम्प्युटर 'बिल' साठवतो तो ब, मग पहिली वेलांटी, मग ल अशा क्रमाने, म्हणजे आपण बोलतो तसा. पण लिहिताना ती वेलांटी ब च्या आधी काढायची असते. हे सरकवणं, जोडाक्षर घडवणं, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवणं हे काम कुणीतरी करावं लागतं, त्याला शेपिंग म्हणतात. विंडोज आणि मॅकवर टीके (टीकिंटरच्या पोटात तोच असतो) हे काम सिस्टमकडून करून घेतो. लिनक्सवर मात्र तो अक्षरं एकामागून एक जशी आली तशी मांडतो, मग ब च्या नंतरची वेलांटी ल च्या डोक्यावर जाऊन बसते आणि बिलाचा बळी जातो. फॉन्ट बदलून काही होत नाही, मी दोन रात्री फॉन्टच बदलत होतो.

टीकेला नावं ठेवत नाहीये हां. जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीला बनवला तो, १९९१ च्या सुमाराचा, आणि अजून टिकून आहे. हलका आहे, शिकायला अर्धा दिवस, आणि टीटीके या त्याच्याच भागातली नवी बटणं वापरली तर अगदीच जुनाट पण दिसत नाही. नुसते आकडे आणि इंग्रजी असेल तर मी आजही तोच उघडतो. पण तुझ्या बाबांची स्क्रीन मराठी आणि तुझा लॅपटॉप लिनक्स, म्हणजे तू लिहिताना तुलाच मोडकं दिसणार आणि शेडमधल्या विंडोजवर मात्र बरोबर, तुला कळणारच नाही चूक कुणाची.

म्हणून माझं मत क्यूटी. नॉर्वेचा, १९९५ पासून लोकांच्या हातात आहे, आणि मराठीसाठी त्याच्या पोटात हार्फबझ नावाचं शेपिंगचं इंजिन आहे, त्यामुळे तिन्ही सिस्टमवर 'विक्री' ही विक्रीच राहते. (हार्फबझ हे नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडं, ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकाराचं शब्दशः भाषांतर. मला हे कळलं तेव्हा उगाच आनंद झाला होता.) दुसरं म्हणजे तुझं काम तक्त्याचं आहे, तारीख, पेट्या, डझन, भाव, पट्टी, आणि क्यूटीचा टेबल व्ह्यू या कामाला बनलेलाच आहे, कॉलमवर क्लिक केलं की सॉर्ट, एवढं तर जवळजवळ आयतंच मिळतं. टीकिंटरमध्ये तेच करायला ट्रीव्ह्यू या त्याच्या यादीच्या खोक्याला वाकवत बसावं लागतं.

आता पायथनमधून क्यूटी वापरायचे दोन दुवे आहेत, पायक्यूटी की पायसाइड यावर लोक भांडतात, तुला भांडायचं कारण नाही. आतलं क्यूटी एकच, कोडही नव्वद टक्के सारखं. फरक लायसन्सचा. पायक्यूटी जीपीएलमध्ये मिळतं, म्हणजे दुसऱ्याला प्रोग्राम दिलास की सोर्सही (तू लिहिलेला कोड) त्याच अटींवर द्यायची तयारी हवी, नाहीतर पैसे भरून कमर्शियल लायसन्स घ्यायचं. पायसाइड एलजीपीएलमध्ये आहे, त्यात स्वतःचा कोड बंद ठेवूनही विकता येतं, फक्त क्यूटी वापरलंय हे सांगायचं, लायसन्सची प्रत जोडायची आणि त्या लायब्ररी बदलता येतील अशा वेगळ्या ठेवायच्या. पायसाइड निघालंच या कारणाने, तेव्हा क्यूटी नोकियाकडे होतं आणि त्यांना एलजीपीएलचं बाइंडिंग, म्हणजे पायथनशी जोडणारा दुवा, हवं होतं, ते २००९ मध्ये आलं. तुला शेजाऱ्यांना विकायचंय, तर पायसाइड घे आणि विषय संपव. इन्स्टॉल करताना पूर्ण पॅकेज न घेता एसेन्शियल्सवालं घे, बाकीचं थ्रीडी न् चार्ट न् काय काय तुला लागणार नाही, आणि गावातलं नेट कसं आहे ते मला माहितीये.

आता खरी अडचण. शेडमधला विंडोज ७.

क्यूटी ६ विंडोज १० पासून पुढेच चालतं. बरं पायथनचंही ३.८ हे विंडोज ७ वर चालणारं शेवटचं, ३.९ पासून नाही. म्हणजे त्या पीसीसाठी पायथन ३.८ आणि क्यूटी ५.१५ वर राहावं लागेल, पायसाइड२ नावाने मिळतं ते, काम होतं पण तू आजच जुन्या होडीत बसतोयस. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय. मी काय करीन सांगू का, तो पीसी जर चौसष्ट बिटचा असेल तर त्यात स्वस्तातली एसएसडी घालून लिनक्स टाकीन, कारण शेडमध्ये त्यावर दुसरं काही चालतच नसणार, आणि मग तुझा लॅपटॉप न् शेड एकाच सिस्टमवर आले. पण बाबांना विचारून, आणि हंगामात नाही. मार्च ते मे त्या मशीनला हात लावलास तर घरात जेवण मिळणार नाही. प्रिंटर आधी लिनक्सवर चालतो का ते बघ, नाहीतर सगळं होऊन प्रिंटरपाशी अडशील.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. डब्ल्यूएक्सपायथॉन हा माझा दुसरा नंबर, तो ज्यावर उभा आहे ते डब्ल्यूएक्सविजेट्स १९९२ ला एडिनबरा युनिव्हर्सिटीत सुरू झालेलं, तो ज्या सिस्टमवर असेल तिथलीच खरी बटणं वापरतो म्हणून विंडोजवर विंडोजसारखा आणि मॅकवर मॅकसारखा दिसतो, मराठीही नीट, कारण लिनक्सवर त्याच्याखाली जीटीकेच असतं. पण लिनक्सवर नुसतं पिपने (पायथनची पॅकेजं आणणारी कमांड) टाकायला गेलास तर बऱ्याचदा तो सोर्सवरून बांधायला बसतो आणि लॅपटॉपवर भाकरी भाजता येते, त्यापेक्षा तुझ्या लिनक्सच्या डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतलं (साठ्यातलं) तयार पॅकेज घ्यावं. जीटीके लिनक्सवर सुरेख, विंडोजला पॅक करून देणं म्हणजे कटकट. किवी बोटाने चालवायच्या स्क्रीनसाठी, सगळं स्वतःच रंगवतो, तक्त्यांच्या कामाला मी नाही घेणार.

पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. अर्धा दिवस काढ, जे दोन टूलकिट मनात असतील त्यात एक एक खिडकी बनव, त्यात एक मजकूर टाकायची जागा, पाचशे ओळींचा एक तक्ता आणि एक प्रिंटचं बटण, बस. 'बिल', 'पेट्या', 'विक्री', 'वर्षे', 'रत्नागिरी' हे शब्द टाइप कर, पेस्ट नको, टाइप, बाबा ज्या कीबोर्डने टाइप करतात त्यानेच. मग ती खिडकी शेडमधल्या मशीनवर ने, लॅपटॉपवर बघून खूश होऊ नको. प्रिंट काढून कागदावर वाच. यात जो पास होईल तो घे.

अजून चार गोष्टी ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. बटणांची उंची पिक्सेलमध्ये ठोकून ठेवू नकोस, इंग्रजीच्या मापाने केलेल्या बटणात 'वर्षे'चा रफार वरून आणि 'पूर्ण'चा दीर्घ ऊ खालून कापला जातो, लेआउटवर सोड. फॉन्ट प्रोग्रामबरोबर दे, विंडोज ७ वर मंगल, त्यापुढच्यांवर निर्मला, लिनक्सवर अजून तिसराच, त्यापेक्षा 'मुक्त' नावाचा फॉन्ट किंवा नोटो सान्स देवनागरी आत घालून टाक, दोन्ही मोफत आहेत. तिसरं, पट्ट्यांची मोठी बेरीज किंवा बॅकअप खिडकीच्या मुख्य थ्रेडमध्ये (खिडकी चालवणाऱ्या कामाच्या धाग्यात) करू नकोस, खिडकी थिजते आणि बाबा समजतात बिघडला, मग ते सरळ प्लग काढतात. क्यूटीत यासाठी क्यूथ्रेड आहे. आणि पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून डेटा एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलचा डेटाबेस) ठेव, प्रत्येक नोंद तिथल्या तिथे कमिट, म्हणजे पक्की साठवलेली, 'सेव्ह' बटणाची वाट बघायची नाही.

विंडोजची एक्झी, म्हणजे डबल क्लिकने चालणारी फाइल, करायची तर पायइन्स्टॉलर वापरशील, पण तो लिनक्सवर बसून विंडोजची फाइल करून देत नाही, विंडोजची विंडोजवरच, मॅकची मॅकवर. म्हणजे आतेभावाकडे जाऊन दोन दिवस राहणं आलं, पेटी घेऊन जा. त्याच्या मॅकवर डिजिटल सही नसलेलं अ‍ॅप उघडताना सिस्टम कुरकुर करेल, परवानगी द्यावी लागते. आणि एकाच फाइलचा पर्याय टाळ, ती फाइल दर वेळी उघडताना टेम्पमध्ये सगळं सोडते, जुन्या पीसीवर बाबांचा चहा होईल तोवर, शिवाय काही अँटीव्हायरस तिला उगाच व्हायरस म्हणतात. फोल्डरवाली दे.

आणि तुझा तो कमांड लाइनवाला कोड फेकू नको. हिशोबाचा भाग आहे तसाच वेगळ्या फाइलमध्ये राहू दे, खिडकीने फक्त त्याला हाक मारायची. उद्या क्यूटी सोडून दुसरं काही घ्यावंसं वाटलं तर पट्टीची आकडेमोड परत लिहावी लागणार नाही.

प्रश्न (मालवण): भाऊ, माझं दुकान आहे, मुलाने क्यूटीत बिलिंग करून दिलंय, स्क्रीनवर मराठी एकदम मस्त पण छोट्या थर्मल प्रिंटरवर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. टूलकिट बदलू का?

उत्तर: टूलकिटचा काही दोष नाही, मुलाला ओरडू नका. मुलगा बहुतेक प्रिंटरला थेट अक्षरं पाठवतोय, आणि या छोट्या प्रिंटरांच्या आत सहसा देवनागरी नसतेच, त्यांना इंग्रजी आणि दोन-चार युरोपी लिप्या येतात, म्हणून ते चौकोन. उपाय सोपा आहे, पावती आधी क्यूटीतच चित्र म्हणून काढायची, क्यूइमेजवर, आणि ते चित्र प्रिंटरला पाठवायचं. प्रिंटरला मराठी येत नसलं तरी काळे ठिपके मारता येतात. अठ्ठावन्न मिलीमीटरच्या कागदाला बहुतेक प्रिंटर रुंदीत ३८४ ठिपके देतात, चित्र तेवढ्या रुंदीचं करायला सांगा, नाहीतर बाजू कापली जाईल. किंवा विंडोजवर प्रिंटरचा ड्रायव्हर टाकून क्यूप्रिंटरमधून छापा, तेव्हाही आत हेच होतं. थोडं हळू छापेल. गर्दीच्या वेळी जाणवेल, मे महिन्यात पर्यटक रांगेत असताना तर नक्कीच, तर पावती आखूड ठेवा, तो वरचा मोठा लोगो काढून टाका.

प्रश्न (वेंगुर्ला): नमस्कार. आमचा बचत गट काजूगर करतो, सोळा जणी आहोत. मला एचटीएमएल आणि थोडं जावास्क्रिप्ट येतं, कोर्स केला होता. गटाच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर मीच करायचं ठरवलंय. भाचा म्हणतो इलेक्ट्रॉनच घे मावशी, सगळे तेच वापरतात. गटाचा लॅपटॉप चार जीबी रॅमचा आहे. काय करू?

उत्तर: ताई, भाचा खोटं बोलत नाही. इलेक्ट्रॉन म्हणजे वेबपानाच्या भाषांतच डेस्कटॉपचं अ‍ॅप करायचं सामान. इलेक्ट्रॉन २०१३ मध्ये गिटहबवाल्यांनी त्यांच्या कोड लिहायच्या एडिटरसाठी काढला, आज व्हीएस कोड हा एडिटरसुद्धा त्यावरच चालतो, आणि तुम्हाला येतं तेच त्यात लागतं. पण प्रत्येक इलेक्ट्रॉन अ‍ॅपच्या पोटात एक अख्खा क्रोमियम ब्राउझर असतो. म्हणजे किलोभर काजूगर द्यायला आख्खा टेम्पो. चार जीबीत विंडोज, वर तुमचा ब्राउझर उघडा, त्यावर हा, लॅपटॉप धापा टाकणार.

टॉरी नावाचा एक आहे, त्याची १.० आवृत्ती २०२२ ला आली, तो स्वतःचा ब्राउझर न आणता मशीनवर जो आहे त्याचंच इंजिन वापरतो, त्यामुळे फाइल कितीतरी लहान. विंडोजवर एजचं, मॅकवर आणि लिनक्सवर वेबकिट. पण आतलं काही करायला गेलात की रस्ट भाषा समोर येते आणि ती तुम्हाला आत्ता नको, माझं ऐका.

मला वाटतं तुम्हाला दोन्ही नकोत. लॅपटॉपवरच एक छोटा लोकल सर्व्हर (ब्राउझरला पानं देणारा प्रोग्राम) चालवायचा आणि क्रोममध्ये पान उघडायचं, झालं. नेट लागत नाही, सगळं त्याच मशीनच्या आत. मराठी शेपिंगची चिंताच नको, ब्राउझर त्यात सगळ्यांच्या पुढे आहेत, प्रिंटही ब्राउझरमधूनच. डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवला की बाकीच्या पंधरा जणींना ते वेगळं सॉफ्टवेअरच वाटेल. एक लक्षात ठेवा, हिशोब ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवू नका, कुणीतरी हिस्ट्री साफ करतं आणि वर्षाची मजुरी गायब. सर्व्हरच्या बाजूला एसक्यूलाइटची फाइल, आणि दर आठवड्याला ती पेनड्राइव्हवर. भाच्याला हे पेनड्राइव्हचं काम द्या.

प्रश्न (चिपळूण): मी कॉलेजात जावा शिकवतो. खिडक्या बनवायला मुलांना स्विंग शिकवू की जावाएफएक्स? सिलॅबस दोन्हीला मोकळा आहे.

उत्तर: सर, जावाएफएक्स जेडीके (जावाचं मूळ पॅकेज) ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, जावाच्या बाहेर काढलंय, ते वेगळं आणून जोडावं लागतं आणि लॅबच्या चाळीस मशीनवर मॉड्यूल पाथ, म्हणजे ते जावाला कुठे सापडेल हे, समजावण्यात तुमचे दोन तास जातील. स्विंग १९९८ चं, दिसायला वय झालेलं, पण जेडीकेबरोबर आयतं येतं आणि मराठीही नीट दाखवतं. इव्हेंट, लेआउट आणि खिडकीचा थ्रेड वेगळा का ठेवायचा हे मुलांना समजायला स्विंग पुरतं. मी स्विंगच घेईन. ज्याला प्रोजेक्टमध्ये चकाचक हवंय तो एफएक्स स्वतः आणेल, आणतातच.

प्रश्न (हर्णै): माझी बोट आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, दोन महिने मोकळा, म्हणून शिकायचं ठरवलंय. डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा आणि लिलावात काय आलं हे लिहायला अ‍ॅप करायचंय. पायथन थोडं येतं. बोटीवर फोन, घरी मुलीचा विंडोज लॅपटॉप. एकदाच लिहून दोन्हीकडे चालेल का?

उत्तर: चालेल, पण पायथनने नको. पायथनमधून फोनचं अ‍ॅप निघतं, किवी त्यासाठीच आहे, पण ते अँड्रॉइडसाठी पॅक करण्यात तुमची बंदी उठेल आणि मराठी जोडाक्षरं नीट बसवणं हा वर वेगळा व्याप. तुमचं पहिलं मशीन फोन आहे, लॅपटॉप नंतर, म्हणून फ्लटर बघा. गूगलचं आहे, भाषा डार्ट, नवी शिकावी लागेल पण अवघड नाही, पायथनवाल्याला आठवडाभरात वाचता येते. अँड्रॉइड त्याचं मूळ घर, आणि विंडोजसाठीही २०२२ पासून पक्कं झालंय, मराठी दोन्हीकडे बरोबर दिसतं. मुलीचा लॅपटॉप विंडोज १० किंवा ११ असला पाहिजे आणि अ‍ॅप बनवताना त्याला रॅम बऱ्यापैकी लागते, आठ जीबीच्या खाली त्रास होईल.

बटणं मोठी करा, खारे ओले हात असतात. आकडे टाकायला फोनचा कीबोर्ड न उघडता स्वतःचं दहा बटणांचं पॅड द्या. रंग गडद-फिका असा ठळक ठेवा, भर दुपारी डेकवर फिकट राखाडी अक्षरं दिसत नाहीत, डिझाइनवाले काही म्हणोत.

किनाऱ्यापासून आत गेलात की रेंज नाही, म्हणून सगळं फोनमध्येच साठवायचं आणि घरी आल्यावर लॅपटॉपला द्यायचं. सुरुवातीला सिंकच्या (दोन्हीकडचा डेटा आपोआप जुळवण्याच्या) भानगडीत पडू नका, फाइल एक्स्पोर्ट करून केबलने टाका. आणि बोटीवर न्यायच्या आधी फोन एक दिवस एअरप्लेन मोडवर ठेवून घरीच वापरा, खोट्या नोंदी टाका, डिझेल, बर्फ, वाटा, सगळं. जिथे गोल गोल फिरत राहिलं तिथे नेट मागतंय असं समजा आणि ते आधी काढा.